गोमाजी नाइकांस पालखी दिली त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे पायीं मस्तक ठेवून, आणि जें लपवावेंसें वाटतें तेंच आधीं लिहावें ऐसें मनीं धरून, ही हकीकत लिहिली. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरीं, माघमासीं, एका डोंगरी दौलतीचे सरदार सुभानराव यांस साठ वर्षे पूर्ण जाहलीं. त्या दौलतीची रीत ऐसी कीं, साठी उलटली म्हणजे थोर माणसाचें पाऊल भुईस लागूं देऊं नये. त्यास पालखी द्यावी, भोई द्यावे, आणि त्याणें लोडास टेकून राहावें. मोठा मान तो! मग राव पालखींत बसले, आणि कालपर्यंत घोडा फेकणारा गडी पाण्याचा तांब्याही हातांत मागूं लागला, आणि भेटेल त्यास म्हणूं लागला, "आतां आमचें काय राहिलें? वय जाहलें." लोकही माना डोलवीत. मग दोन वर्षांत गुडघे धरले, भूक मेली, तूपसाखरेवांचून तोंडास कांहीं रुचेना, आणि राव खरेंच म्हातारे जाहले.

रावांच्या गडावर गोमाजी नाईक नांवाचा पाणक्या होता, वय चौऱ्यांशी. सकाळीं तीनशें पायऱ्या चढाव्या, माथ्यावरचें टाकें झाडावें, भरली घागर खांद्यावर घेऊन उतरावें, नाचणीची भाकर कांद्याशीं खावी, थोडी भूक ठेवूनच उठावें, आणि चावडीवर बसून खदखदां हसावें, ऐसा त्याचा नेम. राव ऐसे म्हातारे जाहले त्या पावसाळ्यांत त्याणें टाक्याचे कांठीं फणसाची आठळी लाविली. लोक म्हणाले, "नाईक, फळ कोण खानार?" तो म्हणाला, "मीच! दात हायेत की अजून." पुढें कार्तिकांत रावांची पालखी माथ्यावरील देवीस निघाली, आणि अर्ध्यावर भोई धापा टाकीत बसले, आणि तेवढ्यांत वरून गोमाजी घागर घेऊन उतरला. रावांचें तोंड पाहून तो थांबला आणि कळवळून म्हणाला, "सरकार, तब्येत बरी न्हाई व्हय? वाईच चालून बघा, पाय मोकळं हुतील." भोयांनीं तोंडें फिरवून हंसूं दाबलें. रावांचे कान तापले.

तेव्हांच रावांनीं खालीं उतरावें आणि चार पायऱ्या चढाव्या, हें करायचें होतें. तें राहिलें. चौथे दिवशीं भर दरबारांत रावांनीं गोमाजीस शाल पांघरविली आणि हुकूम फर्माविला कीं, नाइकांनीं फार सेवा केली, त्यांसही पालखी, त्यांनीं आतां घागरीस हात लावूं नये. सगळे वाहवा करूं लागले. परंतु रावांस मनांत पक्कें ठाऊक होतें कीं हा मान नव्हे. हा म्हातारा पायऱ्यांवर दिसूं नये, इतकेंच त्यांस पाहिजे होतें. गोमाजीनें हात जोडून पुसिलें, "धनी, माझं काय चुकलं?" दरबार हंसला. रावही हंसले.

मग गोमाजी घरीं बसला. घागर उचलूं गेला तर शेजारी धांवून ती काढून घेत, कारण सरकारचा हुकूम. आधीं तो फणसाच्या रोपाची खबर पुशी, मग तेंही पुसेना, चावडीवर जाईना, दिवसाही निजून राही. शिमग्याचे सुमारास भोयांनीं रावांस सांगितलें, "नाईक आतां म्हनतो, माझं काय राहिलं, वय झालं." आपलेच शब्द ऐकून रावांचें तोंड उतरलें, आणि ते तसेच गोमाजीचे घरीं गेले. दारांत गोमाजीची बायको ठकूबाई दाणे निवडीत होती. ती उठली नाहीं. म्हणाली, "सरकार, लई मान केलात. पायऱ्या चढत हुता तंवर माझ्या मान्साला वय ठावं नव्हतं. तुमी सांगितलंत, म्हून त्याला कळलं."

रावांस मान वर करवेना. मग ते खाटेशीं भुईवर बसले आणि म्हणाले, "नाईक, तो मान नव्हता. मला तुमचा हेवा वाटला. उठा." गोमाजी किंचित हंसला, आणि रावांचे खांद्यावर हात ठेवून उठला, आणि दोघे पायऱ्या चढूं लागले, आणि चाळिसाव्या पायरीस गोमाजी थकला. खालीं बसून म्हणाला, "आज इतकंच, सरकार. ऊन वाढलंय, रोपाला तेवढं पानी घाला." मग राव बसत, उठत, हातांनीं पायऱ्या धरीत माथ्यावर गेले आणि रोपास पाणी घातलें. पुढें रोज घातलें. गोमाजी कांहीं दिवस साठाव्या पायरीपर्यंत आला, मग चाळिसाव्या, मग दारापर्यंतच. आणि ज्येष्ठांत गेला.

सारांश. रावांनीं साठीच्या पालखीची रीत मोडली, नाचणीची भाकर धरिली, रोज गड चढले, आणि वयाचें रडगाणें पुन्हां गाइलें नाहीं. गुडघे मोकळे जाहले आणि राव एक्याण्णव वर्षे जगले. आठळी लाविल्यापासून नवव्या वर्षीं, राव सत्तरी ओलांडून असतां, फणस धरला. लोक म्हणाले, "सरकारांची पुण्याई, म्हणून हें आयुष्य," तेव्हां राव आपल्या पायांकडे पाहूं लागले. ठकूबाईनें पहिला गरा त्यांचे हातावर ठेविला आणि म्हणाली, "खावा सरकार, त्यानंच लावलाय." रावांनीं तो बराच वेळ हातांत धरिला आणि तिलाच परत दिला. त्यापुढें झाड दरसाल धरी, सारा गड खाई. रावांचे दात अखेरपर्यंत शाबूत होते, परंतु त्यांनीं एक गराही तोंडीं घातला नाहीं. घडलें तैसें लिहिलें.