शामरावांची पाठ आणि आक्काची किडनी

रोज सकाळी सातला आमच्या दाराची बेल वाजते. दार उघडावं तर शेजारचे शामराव पाटील उघडेबंब उभे. "गुरुजी, पाठ वाचा," म्हणतात आणि भिंतीकडं तोंड करतात. मग मी चष्मा लावायचा, त्या अवाढव्य पाठीवर बॅटरी मारायची आणि सांगायचं, "कोरी हाय." त्यानंतरच ते शर्ट घालतात आणि आमचा चहा पितात. तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, निवृत्तीनंतर हे नशिबी आलं.

चार वर्षांपूर्वी शामरावांना थोरल्या बहिणीनं, गगनबावड्याच्या आक्कानं, किडनी दिली. शरीरानं ती परकी म्हणून हाकलून देऊ नये यासाठी त्यांची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दाबून ठेवावी लागते. त्यामुळं मातीतले जे जंतू तुमच्या-माझ्या वाटेला जात नाहीत, ते यांच्या कातडीत घर करू शकतात. डॉक्टरांनी बजावलंय, माती नको, गोठा नको, साधी पुटकुळी आली तरी त्याच दिवशी दाखवा. बाकीचं अंग ते स्वतः बघतात, पाठ दिसत नाही म्हणून ती माझ्याकडं.

त्या किडनीलाच शामराव आक्का म्हणतात. तांब्याभर पाणी प्यायले की, "आक्काला पाजलं." वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या रिक्षात उजव्या बाजूला कुणाला खेटू देत नाहीत. "जरा सरका पावणं, आक्का बसलीया." पावणं बिचारं सीटवर आक्का शोधत बसतं.

एवढा जपणारा माणूस चुकला तो राणीपायी. राणी म्हणजे त्यांची म्हस. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात, आणि त्याआधी त्यांची शिंगं काचेनं तासून चकचकीत करतात. दसरा झाला तसा पुतण्या तासायला बसला. त्याला नीट जमत नाही म्हणून शामरावांनी दोन दिवस खिडकीतून शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच काच हातात घेतली. व्हायचं तेच झालं, हात खरचटला. मी रागावलो तर म्हणतात कसे, "गोठ्यात जाऊ नका म्हटल्यात, म्हणून म्हस भाईर आणलीया. आन् शिंगाला कुठं शेण असतंय?" अशा माणसापुढं काय डोकं फोडायचं!

पाठ कोरीच राहिली. पण पुढं ते शर्ट न काढता नुसता मागून वर करायला लागले. मला वाटलं, थंडी वाजत असेल. एके दिवशी संशय आला म्हणून बाही वर सारली, तर मनगटापासून कोपरापर्यंत तीन गाठी, एका रांगेत.

"कधीपासून?"

"आठ दिस झालं. दुखत न्हाय की."

मी वाट्टेल ते बोललो. त्यांनी बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाले, "मी मेलो तर एक येळ चालंल गुरुजी. पर आक्कानं दिल्याली वाया गेली, तर तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

तसंच स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. मातीतला, क्वचित सापडणारा जंतू निघाला, नोकार्डिया. कित्येक महिने गोळ्या घ्याव्या लागणार होत्या, पण तो हातापुरताच होता आणि किडनी शाबूत होती. जीव भांड्यात पडताच शामरावांनी ते नाव पाठ केलं. "आपल्या गल्लीत हाय का कुणाला?" असं चारचौघांत विचारायला लागले.

भाऊबीजेला आक्का एसटीनं आल्या. भावाला पाटावर बसवून तेल लावायचा त्यांचा रिवाज. मला शामरावांनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, "तुमच्यासमोर ती मारणार न्हाय."

आक्कांनी तेलाची वाटी घेतली. "शर्ट काढ."

शामरावांनी शर्ट काढला आणि पट्टी बांधलेला हात पुढं केला. सगळं सांगून टाकलं, म्हस, काच, गाठी. "पर तुझ्या वस्तूला धक्का न्हाय आक्का. रक्त तपासलंय. ब्येस चालतीया."

आक्कांनी वाटीतलं तेल तळहातावर ओतलं.

"वस्तू गेली खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "ती काय मी तुझ्याकडं सांभाळाय दिली व्हती व्हय रं? मला भाऊ पायजे व्हता, म्हणून दिली."

पंचावन्न वर्षांचा तो आडदांड माणूस पाटावर बसून ढसाढसा रडायला लागला.

"रडायचं मागनं," आक्का म्हणाल्या. "डोकं पुढं कर."