चिनी वारं

दिशाला वडपे गावच्या गोदामात नोकरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले गेले, आणि शिफ्ट संध्याकाळची आहे हे कळल्यावर तेच पेढे सगळ्यांच्या घशात अडकले. हायवेच्या कटपासून, म्हणजे दुभाजकातल्या वळणापासून, गावापर्यंतचा रस्ता अंधाराचा, त्यावर मोटारसायकली आडव्या लावून बसलेली पोरं. धनेशने मुलीला नोकरी सोडायला सांगितलं. दिशा म्हणाली, सोडणार नाही, त्यापेक्षा मारामारी शिकेन. भिवंडीत तसा एक क्लास होता. त्याच्या पत्रकावर चिनी युद्धकलांची नावं ओळीने छापली होती: शाओलिन, विंग चुन, ताई ची, वाघ, बगळा. प्रत्येकीपुढे ‘सर्वांत परिणामकारक’ असंही छापलं होतं.

धनेशने पत्रक उलटसुलट करून पाहिलं. “सगल्याच सर्वांत कशा असतील? यातली एकच खरी कामाची असल. कुठली ती आबा सांगतील. रविवारपर्यंत सांगितला तं क्लास, न्हाय तं नोकरी बंद.”

आबा म्हणजे धनेशचे वडील, रामनाथ. भिवंडीच्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात त्यांची नोकरी सरली होती, त्यामुळे ती सगळी त्यांनी वाचली आहेत अशी घराची समजूत होती. त्यांनी खरोखरच बरीचशी वाचली होती, आणि म्हणूनच त्यांना कशाचीच खात्री उरली नव्हती. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं विचारलं तरी ते म्हणत, याबद्दल दोन मतं होऊ शकतील.

त्यांनी जुन्या वाचनालयातून पुस्तकं आणली. शाओलिनवाल्याच्या मते ताई ची हा म्हाताऱ्यांचा व्यायाम होता. ताई चीवाला म्हणत होता, जोर लावणारा आपल्याच जोराने पडतो. वाघवाल्याने बगळ्याला नाच म्हटलं होतं, आणि बगळावाल्याने वाघाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. विंग चुन म्हणे एका भिक्षुणीने बसवली, अंगाने लहान माणसाने थोराडाला कसं आवरावं यासाठी. खाली बारीक तळटीप होती की ही दंतकथा असावी. दिशा अंगाने लहानखुरी, त्यामुळे आबांचं मन तिकडे झुकू लागे. पण तळटीप वाचली की पुन्हा सरळ होई. शेवटी त्यांनी ठरवलं की एकेक प्रकार स्वतः करून बघावा. डास मारतानाही ज्यांचा हात अर्ध्यावर थांबायचा, अशा माणसाचा हा निर्णय होता.

पहाटे ते गावामागच्या जुन्या खळ्यावर गेले. तिथे आता कोणी भात झोडत नाही. शेजारी गोदामाची पत्र्याची भिंत उभी आहे आणि माणसं फारशी फिरकत नाहीत. पांढरी बंडी, पांढरा लेंगा घालून आबांनी ताई चीपासून सुरुवात केली. डोळे अर्धे मिटा, हात ढगांसारखे फिरवा, श्वास सोडताना आवाज झाला तरी हरकत नाही, असं पुस्तकात होतं. आबांचा आवाज भरपूर झाला.

नेमक्या त्याच वेळी गोदूबाई शेळी घेऊन तिकडून चालल्या होत्या. त्यांची सून रुसून अकलोलीला माहेरी जाऊन बसली होती आणि त्या काळजीने त्यांना झोप नव्हती. त्यांनी पाहिलं, रामनाथ आबा डोळे मिटून डुलतायत, हात हवेत तरंगतायत, तोंडातून फुत्कार येतोय. त्यांच्या हातातला दोर सुटला. शेळी गेली आणि हात जुळले.

“आय, कोन तू? कुठशी आलीस? माझी सून कवा येल?”

बाईचा आवाज ऐकून आबांना इतका संकोच वाटला की डोळे उघडायचा धीर होईना. ऐकूच आलं नाही असं दाखवत ते पुस्तकातलं वाक्य पुटपुटत राहिले, “जोर लावू नको. समोरचा जोर येऊ दे, जाऊ दे.”

गोदूबाईंनी हुकूम मानला. तशाच अकलोलीला गेल्या, सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही उलट बोलल्या नाहीत. सासू गप्प बसलेली पाहून सून घाबरली. काहीतरी मोठं दुखणं असावं म्हणून ती संध्याकाळच्या एसटीने त्यांच्याबरोबरच परत आली.

दुसऱ्या दिवशी बगळ्याची पाळी होती. आबा एका पायावर उभे राहून पंख पसरत होते, तेवढ्यात गोदूबाईंकडून ऐकून आलेल्या गावातल्या लडकूने झाडाआडून विचारलं, “आय, माझी म्हस?” आबा दचकले आणि गोदामाच्या अंगाला पडले. लडकू त्याच अंगाला धावला. म्हैस गोदामामागच्या डबक्यात बसली होती. ती रोज तिथेच बसायची, पण हरवलेली म्हैस तिच्या नेहमीच्या जागी शोधावी हे त्याला सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी खळ्यावर गर्दी होती. हळदकुंकू होतं, नारळ होते, आणि पाय बांधलेला एक कोंबडाही होता. आबांना परत फिरायचं होतं. पण एवढ्या लोकांच्या डोळ्यांसमोरून मागे जाण्यापेक्षा वाघ करणं त्यांना सोपं वाटलं. ते खाली वाकले, पंजे उगारले आणि कंबर तिथेच धरली. आधाराला हाताशी आली ती पंढरीची कॉलर. हा लडकूचा भाऊ. त्याने बांधाचा दगड सरकवला म्हणून दोघांचं वर्षभर वाजत होतं. कंबर सुटेना म्हणून पंजाही सुटेना. शेवटी पंढरी रडवेला होऊन म्हणाला, “परत सरकवतो, आय. आजच सरकवतो.”

त्या संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीत आबा पाठमोरे बसून चहा पीत होते. मागच्या बाकड्यावर चर्चा चालली होती. एकाचं म्हणणं, घरातल्या भांडणाला हळूवालीच बरी. दुसरा म्हणत होता, वस्तू हरवली तर एका पायावालीला विचारावं. लडकूने निकाल दिला, “जमिनीचा काम असल तं वाघच. बाकीच्यांकडं टाइम फुकट.” आबांनी कप खाली ठेवला. प्रत्येक शैलीचा उपयोग कशाला, मर्यादा कुठे, हे इतकं नेटकं त्यांच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

पण ही शुद्ध फसवणूक होती, आणि आबांनी उभ्या जन्मात वाचनालयाची टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी जमलेल्या गर्दीपुढे धीर एकवटून सांगून टाकलं. माझ्या अंगात कोणी येत नाही, मला यातलं काही कळत नाही, हे सगळं चिनी आहे.

मग गोदूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “चीनशी आलीय. तरीच बोलना कलत नव्हता. पानी द्या रे कोनी, कवऱ्या लांबशी आलीय, दमली असल.”

आबा शुद्ध मराठीत बोलले होते. ते मुकाट्याने पाणी प्यायले.

घरी वेगळाच प्रकार होता. कालपर्यंत वडलांना पंखा बंद करा म्हणून ओरडणारा धनेश आज उंबऱ्याबाहेर चपला काढून त्यांच्यासमोर आला. क्लासचं आता काही नको, असं त्याने जाहीर केलं. रामनाथ आबाच्या नातीकडे वाकड्या डोळ्याने बघायची कुणाची छाती आहे? नोकरी खुशाल कर.

रात्रीची जेवणं झाल्यावर दिशा आबांशेजारी येऊन बसली. “आबा, कटवर अर्धी पोरं बाहेरची असतात. बिहारची, यूपीची. तुमच्या अंगात कोण येतं हे त्यांना काय माहीत? मला क्लास पाहिजेच.”

“मग धनेशला तसं सांग.”

“माझं ऐकतील तर ना. आईचं ऐकतात. म्हणजे तुमच्यातल्या.” तिने त्यांच्याकडे पाहिलं. “उद्या रविवार आहे. एकदाच या ना अंगात.”

आबा म्हणाले, हे खोटं होईल. दिशा म्हणाली, आतापर्यंत तुम्ही खरं सांगितलंत, त्याचा काय उपयोग झाला? यावरही दोन मतं होऊ शकली असती, पण आबांना दुसरं मत सापडेना.

रविवारी ते खळ्यावर उभे राहिले. हात ढगांसारखे फिरवले. पाय लटपटत होते, त्याचा लोकांवर चांगलाच परिणाम होत होता. मग जन्मात पहिल्यांदा ते चार माणसांत ठाम बोलले, “पोरीला क्लासला घाला.”

धनेशने साष्टांग नमस्कार घातला, आणि उठता उठता खिशातून क्लासचं पत्रक काढलं. “घालतो, आय. पन कुठली शिकवू?”

इतका वेळ मिटलेले आबांचे डोळे खाडकन उघडले. प्रश्न फिरून तिथेच आला होता. विंग चुन म्हणावं असं त्यांना वाटत होतं, ओठांपर्यंत आलंही होतं, पण डोळ्यांपुढे तळटीप उभी राहिली. शिवाय ताई चीचाही विचार व्हायला हवा होता. आबा बोलेनात. दिशा त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

“आय बोलत न्हाय, म्हंजे कौल लावायला सांगतेय,” गोदूबाई म्हणाल्या. सगळ्यांना ते पटलं. पाटावर पत्रक पसरलं गेलं, प्रत्येक नावावर तांदळाची चिमूट ठेवली गेली. जिथली चिमूट आधी सरेल ती शैली. कोणीतरी कोंबड्याचे पाय सोडले. परवापासून त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि तो चांगलाच भुकेला होता.

कोंबडा पाटावर चढला. त्याने वाघाकडे मान वाकडी करून पाहिलं, बगळ्यावर पाय दिला, ताई ची ओलांडली, शाओलिनवर घाण केली, आणि विंग चुनचे तांदूळ टिपून साफ केले.

“बोला, आईमाऊलीचा...” गोदूबाईंनी सुरुवात केली आणि खळं दुमदुमलं. दिशाने पत्रक झटकून घडी करून पर्समध्ये ठेवलं. परत जाताना गोदूबाई आबांजवळ थांबल्या आणि त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी माझ्या नातीचाही कौल लावाल का?

आबांनी होकारार्थी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी पुस्तकं दोरीने बांधली, वाचनालयात परत द्यायला. ती सगळी वाचून त्यांचंही मत विंग चुनचंच झालं होतं. फक्त ते सांगायला कोंबड्याएवढा आत्मविश्वास त्यांच्यापाशी नव्हता.