मुंजाबांची पारख आणि बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर

रविवारी दिवेलागणीपर्यंत समोरच्या खोलीत शिवणक्लास उभा राहिला नाही, तर सोमवारी तिथं लोकर भरायची, हा निकाल मुंजाबांनी करमाडहून आल्या आल्या, पहिला चहा बशीत ओतता ओतता देऊन टाकला. सिडकोतलं घर त्यांच्या नावावर होतं. त्यामुळे अपिलाची सोय नव्हती.

"मामा, सोमवारी अकरा बाया येणारेत," सून बानाबाई म्हणाली. "त्यांना काय सांगू?"

"आन माझ्या मेंढ्यांची लोकर उंदरं खायलेत, त्यांना काय सांगू? आठ महिने झाले. फळ्या भिंतीला टेकून उभ्या, आरसा खाटंखाली. फळी लावायला आठ महिने लागतेत व्हय?"

हा प्रश्न बानाबाईला विचारलेला असला तरी तो तिच्या नवऱ्यासाठी, मल्हाररावांसाठी होता, आणि म्हणूनच मल्हारराव वर्तमानपत्र वाचू लागले. ते वाळूजला स्कूटरच्या कारखान्यात होते. गेली आठ वर्षं ते पुढच्या चाकाचे तेच चार नट आवळत होते, पण हवेच्या बंदुकीनं. घोडा दाबला की घर्र आवाज व्हायचा आणि नट बसायचा. अशा माणसाला घरातला लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर हातात धरायला सांगणं म्हणजे वैमानिकाला सायकलरिक्षा ओढायला सांगण्यासारखं होतं. सुतार बोलवावा, तर "घरात फिटर असताना सुतार?" असं ते विचारत. गवंड्यानं भिंतीत लाकडी गुट्टे बसवून दिले होते. त्यांत अठरा स्क्रू पिळायचे, एवढंच काम उरलं होतं. ते आठ महिने तेवढंच उरलेलं होतं.

"मशीन आणतो उद्या," मल्हारराव वर्तमानपत्राआडून म्हणाले. "बॅटरीवर चालणारं. लाइट गेली तरी चालतं."

"मग मी बी येतो," मुंजाबा म्हणाले. त्यांच्या घरात पाय असलेली किंवा नसलेली कुठलीही वस्तू त्यांच्या पारखीशिवाय आलेली नव्हती. बानाबाईची शिलाई मशीनसुद्धा त्यांनी खाली वाकून, चारही पाय चाचपून पसंत केली होती.

रविवारी सकाळी तिघं शहागंजात अझीमभाईंच्या दुकानी पोचले. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. दुकानांची शटरं अर्धी वर, अर्धी खाली, आणि चौकात पोलीस. अझीमभाईंनी काउंटरवर दोन मशिनी ठेवल्या. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच हिरव्या रंगाच्या. एक चांगली दोन किलोंची, पिस्तुलासारखी. दुसरी वीतभर.

"ये बड़ा बारा व्होल्ट, कारखाने का," अझीमभाई म्हणाले. "और ये छोटा, साडेतीन व्होल्ट. घर का."

मल्हाररावांचा हात आपोआप मोठीकडे गेला. "हिला म्हणतेत मशीन! ते बारकं काय, पोरांचं खेळणं हाय."

"मला बारकं चालंल," बानाबाई म्हणाली. "मला फळी लावायचीय, पूल नाय बांधायचा."

मुंजाबांनी दोन्ही मशिनी तळहातावर तोलल्या, पोटाखालून हात फिरवला, तोंडं उघडून बघितली. मग खांद्यावरचा पंचा काढून काउंटरवर पसरला आणि त्याखाली उजवा हात घातला. बाजारात जनावराचा सौदा असाच होतो. पंच्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा आणि तोंडानं हवापाण्याचं बोलायचं.

दुसरा कुठलाही दुकानदार असता तर घाबरला असता. पण अझीमभाईंचे वालिद लासूरच्या बाजारात शेळ्यांचे दलाल होते. त्यांचा चेहरा उजळला. वीस वर्षांत त्यांच्याशी कुणी अदबीनं सौदा केला नव्हता. त्यांनीही हात पंच्याखाली घातला.

"थंडी बरी हाय यंदा," मुंजाबा म्हणाले आणि दोन बोटं दाबली.

"अल्ला का करम है चाचा," म्हणत अझीमभाईंनी ती झिडकारली.

असा अर्धा तास गेला, त्यात अझीमभाईंनी वालिदांची दलालीही सांगून घेतली. शेवटी दोघांनी एकमेकांचा हात दाबला, पंचा झटकला, पैसे पोचते झाले. मुंजाबांनी एक मशीन एका काखेत आणि दुसरी दुसऱ्या काखेत मारली आणि पायरी उतरले.

"चाचा! बड़ा कहाँ ले चले? सौदा तो छोटे का हुआ!"

मुंजाबा थांबले. "बारक्याचा? आरं, बारकं तर हिचं पिलू हाय. रंग बघ, नाक बघ. दूध पितं पिलू आईसंगट जातं. त्याचा येगळा भाव करतेत व्हय कुठं?"

"चाचा, ये मशीन है!"

"तुझे वालिद दलाल होते म्हणतोस आन पिलाला आईपासून तोडतोस?"

हा घाव वर्मी बसला. वालिदांचं नाव निघाल्यावर अझीमभाईही रस्त्यावर उतरले. रिक्षावाले थांबले. पेरूवाल्यानं गाडा आडवा लावला. "दूध पितं असंल तर आईसंगटच जायला पायजे," असं एकानं काय विकलंय ते न बघताच सांगितलं. दुसऱ्यानं त्याला विरोध केला. आणि चौकात जमावबंदी असल्यामुळे दोन मिनिटांत हवालदार बद्रीनाथ काठी आपटत आले.

"पाचाच्या वर माणूस नको! कोण हायेत हे लोक? नामांतराच्या बाजूचे का इरोधातले?"

"आम्ही पिलाच्या बाजूचे," मुंजाबा म्हणाले.

बद्रीनाथांच्या नोंदवहीत असा गट नव्हता. त्यांनी मुंजाबा, मल्हारराव, बानाबाई, अझीमभाई आणि दोन्ही मशिनी चौकीत नेल्या. तिथं फौजदार येईपर्यंत बसायचं होतं, आणि फौजदार कधी येणार ते फौजदारांनाही माहीत नव्हतं. बारा वाजले. दीड वाजला. बानाबाईची नजर खिडकीतल्या उन्हावर होती. ऊन जसजसं भिंतीवरून सरकत होतं, तसतशी तिच्या खोलीत लोकर भरत होती. शेवटी ती उठली.

"साहेब, मला जाऊ द्या. सोमवारी माझा क्लास हाय. अकरा बाया येणारेत. नामांतरवाल्या घरच्या चार, इरोधाच्या घरच्या पाच. दोघींना घरात कुणी इचारलंच नाय."

बद्रीनाथांनी पेन खाली ठेवलं. "या अकरा जणी एका खोलीत?"

"एकाच मशिनीवर. पाळीपाळीनं."

"भांडणार न्हाईत?"

"पहिले तीन महिने काजं-बटनंच शिकवते. तोंडात दोरा असतो."

बद्रीनाथ चार रात्री झोपले नव्हते. शहरात कुठंतरी अकरा माणसं एकत्र बसणार आणि त्यांना तिथं जावं लागणार नाही, ही कल्पनाच त्यांना गारवा देऊन गेली. त्यांनी ताबडतोब न्याय करायचं ठरवलं. चौकीचा सूचनाफलक एका बाजूनं निखळून लोंबत होता. "हा बसवून दाखवा. जी मशीन बसवील ती तुमची, दुसरी दुकानात. काय अझीमभाई?"

अझीमभाईंना मोठी परत मिळण्याची आशा होती. मुंजाबांनाही हे पटलं. जनावर औताला जुंपून बघितल्याशिवाय घेऊच नये, असं त्यांचं मत होतं.

मल्हाररावांनी मोठी उचलली. आठ वर्षांच्या सरावानं घोडा पुरता दाबला. घर्र झालं. स्क्रू फलकातून गेला, फलकामागच्या लाकडी पार्टिशनातून गेला, आणि पलीकडे फौजदारांच्या खोलीत टांगलेल्या कॅलेंडरातल्या एकोणीस तारखेतून त्याचं टोक बाहेर आलं. फलक मधोमध चिरला.

"बसला," मल्हारराव म्हणाले.

बानाबाईनं पिशवीतून खडूसारखा साबणाचा तुकडा काढला, दुसऱ्या स्क्रूवर घासला आणि बारकी मशीन लावली. ती मांजरासारखी गुरगुरली. स्क्रू सावकाश आत गेला, आणि पुरता बसल्यावर मशीन कट कट करून आपोआप थांबली.

मुंजाबा कान देऊन ऐकत होते. "कुठं थांबायचं ते कळतं हिला," ते म्हणाले आणि मुलाकडे बघितलं. "मी घेतलेली हाय."

घरी पोचायला साडेचार झाले. बानाबाईनं पदर खोचला. मल्हारराव फळी धरायला. साबण, गुरगुर, कट कट. पहिली फळी, दुसरी, तिसरी, पडद्याची दांडी. लाइट गेली, तरी मशीन चालली. मुंजाबा पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "चारा नको, पाणी नको. मी पारखलंय."

चौदाव्या स्क्रूनंतर मशीन गुरगुरायची थांबली. बानाबाईनं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. आरशाचे चार राहिले होते. बॅटरी भरायला पाच तास लागत, आणि लाइट नव्हती. बाहेर उन्हाचा रंग तांबडा व्हायला लागला होता. बानाबाईनं मशीन खाली ठेवली.

तेवढ्यात समोरच्या साळूबाई दाराशी आल्या. त्यांचं माहेर करमाडचं होतं आणि त्या दर सोमवारी माहेरी जात. "काय ओ मुंजाबा? तुम्ही घेतलेलं, आन मधीच बसलं व्हय?"

मुंजाबांनी डोळ्यांपुढे उद्याचं करमाड बघितलं. पार, पारावरची माणसं, आणि मधोमध साळूबाई.

"बसलं नाय," ते म्हणाले. "रवंथ करायलंय."

साळूबाई जायचं नाव घेईनात. उलट उंबऱ्यावर टेकल्या. मुंजाबा उठले, आत गेले, खिळ्यांच्या डब्यातून लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि धोतराचा सोगा वर खोचला.

"आबा, हातानं?" मल्हारराव म्हणाले.

"तुझं चाक नाय हे. आरसा धर गप. बाना, साबण दे."

मुंजाबा स्क्रू पिळू लागले. एक बसला. दुसऱ्याला मनगट दुखायला लागलं, तेव्हा आठ वर्षांत पहिल्यांदा मल्हाररावांनी न सांगता हात पुढे केला. मुंजाबांनी तो झिडकारला आणि नंतर घेतला. खोलीत अंधार उतरत होता. बानाबाई देवळीपाशी काडेपेटी घेऊन उभी होती.

"मामा, दिसंना झालंय. दिवा लावू का?"

"खबरदार!" मुंजाबा आरशामागून ओरडले. "आजून दोन स्क्रू ऱ्हायलेत. ते बसल्याबिगर दिवेलागण व्हायची न्हाय. आन साळूबाई, तुम्ही आत या, ते दार लावून घ्या. समोरच्यांचे दिवे दिसायलेत."