अप्पांची स्कूटर आणि पूर्णेचा फोन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवमूर्ती अप्पांनी स्कूटरला एकतिसावी किक मारली, तेव्हा पालमच्या त्या गल्लीतले निम्मे लोक दारात येऊन उभे होते. खरं म्हणजे अप्पांना कुठंच जायचं नव्हतं. पण काम नसताना गाडी रुसली की ते जास्तच मनाला लागतं.

स्कूटर छत्तीस वर्षांची होती आणि एकट्या माणसाला ती सहजासहजी चालू करता येत नसे. अप्पांच्या पत्नी मल्लम्मा ती एका बाजूला कलवून धरायच्या, कान देऊन ऐकायच्या आणि म्हणायच्या, "हां, आता मारा." मग अप्पा किक मारायचे. आता मल्लम्मा पूर्णेला होत्या. मुलगा विरेश तिथं रेल्वेत, सून ऋतुजाला बाळ झालेलं. तीन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, त्याला सात महिने झाले. अप्पांना त्यांची फार आठवण यायची. एकट्यापुरती कणीक मळताना तर हात थांबायचा. पण शाळेत क्लार्क असताना जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज पुढे पाठवणाऱ्या या माणसाला 'ये' एवढा एका अक्षराचा अर्ज काही करता येत नव्हता. रोजचा फोन "जेवलात का?" "जेवलो." "ठेवते मग." इथंच संपायचा.

समोरचे किराणावाले परमेश्वर दुकान सोडून आले. "अप्पा, प्लग काढून बगा."

प्लग काढला, धोतराच्या सोग्याला पुसला. ठिणगी पडत होती.

"मग ढकलून बगू," परमेश्वर म्हणाले.

अप्पा स्कूटरवर बसले आणि चौघांनी ती उतारावरून ढकलली. ती झोकात खाली गेली, दोनदा खोकली आणि गप्प झाली. आता तीच चढावर ढकलत आणायची होती, तेव्हा चौघांपैकी तिघांना घरची कामं आठवली. अप्पा आणि परमेश्वर घामाघूम होऊन दारात परतले. तिथं अप्पांनी पायरीवर बसून पूर्णेला फोन लावला.

"अगं, स्कूटर चालू होईना."

"कधीपासून?"

"सकाळपासून. काल तर बरी होती."

"कलवली का?"

"धरायला कोण हाय?" अप्पा म्हणाले.

मग मल्लम्मा म्हणाल्या, "फोन इंजिनापाशी धरा. मला ऐकू द्या."

परमेश्वरांनी फोन इंजिनाला लावला, अप्पांनी किक मारली. "पुन्हा," फोन म्हणाला. "पुन्हा. न्हाई, गळा भरल्यावानी वाजायलीय. दत्ताला बोलवा. फोन बंद करू नका."

दत्ता मिस्त्री आला. त्याने टाकीचं झाकण काढलं, आत डोकावला, वास घेतला आणि अप्पांकडे पाहिलं.

"अप्पा, टाकीत दही कामून हाय?"

दारातली माणसं टाकीत डोकावायला पुढं सरकली. फोनमधून आवाज आला, "काय म्हणला तो?"

"दही हाय, काकू. मध बी हाय. कुस्करलेलं केळ बी दिसायलंय."

"अहो, काल पूजा कशी केली?"

अप्पा मान खाली घालून म्हणाले, "अभिषेक केला. सीट उचलून. पंचामृताचा."

"स्कूटरला?"

"देवाला करतो तसाच केला."

"आवं, मी इतकी वर्षं बेलाच्या पानानं दोन थेंब शिंपडत होते. झाकणाचं रबर फाटलंय तिचं."

"मला काय म्हाईत? पूजा तूच करायचीस." अप्पा थांबले. "तू न्हाईस म्हणून काही कमी पडू नये, असं वाटलं."

यावर परमेश्वर एकदम दुकानाकडे बघायला लागले.

दत्ताने टाकी रिकामी केली, कार्बोरेटर धुतला, बाटलीभर नवं पेट्रोल ओतलं. तोवर तासभर फोन चालूच होता. त्या तासात अप्पांना कळलं, की नातवाला दोन दात आलेत, ऋतुजा चहात साखर जास्त टाकते, आणि मल्लम्मांचा गुडघा जिना चढताना दुखतो. मल्लम्मांना कळलं, की अप्पा आठवड्यातून चार दिवस खिचडीच खातात. सात महिन्यांत झालं नव्हतं इतकं बोलणं त्या एका तासात झालं.

"अप्पा, मारा किक," दत्ताने स्कूटर कलवून धरत म्हटलं.

पहिल्याच किकेला स्कूटर चालू झाली. सगळी गल्ली धुरानं भरली, परमेश्वरांच्या दुकानातल्या बरण्या थरथरल्या. दत्ता हसत बाजूला झाला. अप्पांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. आता "झाली" म्हणायचं, आणि पलीकडून "ठेवते मग" ऐकायचं.

अप्पांनी फोन कानाला लावला आणि त्या धडधडीवर आवाज चढवून ते म्हणाले, "न्हाई गं. होईना चालू."

दत्ताचं तोंड उघडं राहिलं. परमेश्वरांनी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

मग मल्लम्मा म्हणाल्या, "मला वाटलंच. हे काय फोनवर व्हायचं काम न्हाई. विरेशला सांगते, उद्या सकाळच्या बसनं येते मी."

"बरं," अप्पा कसेबसे म्हणाले.

"आन् ती बंद करा आता. उगं पेट्रोल जळायलंय."