शिट्टी कुणी वाजवायची

मुलांनो, घटकाभर समजा की तुम्ही कोंबडी आहात. दिवस मावळतो आहे, अंगणात टिपायला अजून बरंच आहे, आणि तेवढ्यात शिट्टी वाजते. तुम्ही काय कराल? मान वर कराल आणि पुन्हा टिपायला लागाल. पण बिट्टीच्या घरच्या कोंबड्या अशा नव्हत्या. बिट्टीचे बाबा शाळेत खेळाचे सर होते. शिट्टी वाजली की खुराड्यात शिरायचं आणि तिथे मूठभर दाणे मिळवायचे, असं त्यांनी कोंबड्यांना शिकवलं होतं. कोंबड्या रांगेने जात. शाळेतली मुलं जात नसत, ही गोष्ट वेगळी.

सरांचा एक मित्र तितर पाळायचा. त्याने सरांना तितराची अंडी दिली आणि बजावलं, "हा रानातला पक्षी आहे बरं. कोंबडीसारखा मोकळा सोडू नकोस. दचकला की भर्रकन उडतो."

"शिस्त लागली की नाही उडणार," सर म्हणाले. "आमच्या कोंबड्यांची संगत लागेल त्याला."

अंडी थोरलीखाली ठेवली. थोरली ही बिट्टीची लाडकी कोंबडी. ती तेव्हा खुडूक झाली होती आणि कांद्यावर बसवली असती तरी बसली असती. यथावकाश पिल्लं निघाली. अक्रोडाएवढी, पट्ट्यापट्ट्यांची आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी. थोरलीने त्यांच्याकडे एकदा उजव्या डोळ्याने पाहिलं, एकदा डाव्या, आणि आपली म्हणून पदरात घेतली.

पिल्लं मोठी होईपर्यंत जाळीत होती, तोवर सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी सरांनी जाळीचं दार उघडलं, छाती फुगवली आणि शिट्टी फुंकली.

कोंबड्या खुराड्याकडे निघाल्या. तितर भर्रकन उडाले, ते शिट्टीच्या बरोबर उलट दिशेला, भिंतीवरून थेट शेजारच्या पालकाच्या वाफ्यात. थोरली भिंतीखाली येरझारा घालू लागली. शेवटी, जन्मात कधी केलं नव्हतं ते तिने केलं. पंख फडफडवत, धापा टाकत ती कशीबशी भिंतीवर चढली आणि पोरांमागे पलीकडे पडली.

शेजारी एक निवृत्त ग्रंथपाल राहत. वाचनालयात जन्मभर ते 'शांतता राखा' म्हणत आले होते, आणि जन्मभर ती कुणी राखली नव्हती. आता त्यांचं ऐकणारा तो एक पालकच.

"सर," ते भिंतीवरून म्हणाले, "तुमची मंडळी आमच्याकडे आलीत."

"नवीन आहेत, काका. लागेल वळण."

वळण लागलं, पण कोंबड्यांना. दुसऱ्या दिवशी शिट्टी झाली तेव्हा थोरलीमागे आणखी एक कोंबडी भिंत चढली. तिला कळलं, की इकडे मूठभर दाणे मिळतात आणि तिकडे अख्खा वाफा. ही बातमी खुराड्यात पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत शिट्टी वाजली की अंगण रिकामं होऊ लागलं. सर आणखी जोरात फुंकत. मग चादरी आणि टोपल्या घेऊन सगळं घर पलीकडे धावे.

"तुम्ही शिट्टी वाजवता आणि शाळा माझ्याकडे भरते," ग्रंथपाल म्हणाले.

"बाबा, शिट्टीच नका ना वाजवू," बिट्टी म्हणाली.

"आणि मग त्यांना आत जायचं कळणार कसं?"

आईने टोपली खाली ठेवली. "संगत लागेल म्हणाला होतात. लागली. आता माझं ऐका. उद्या काकांनी पुन्हा तक्रार केली, तर सगळी पाखरं तुमच्या मित्राकडे. थोरलीसुद्धा."

"थोरली का? तिने काय केलं?" बिट्टी रडवेली झाली.

"पुढारीपण."

दुसऱ्या दिवशी सरांनी शिट्टी वाजवली, कारण ती वाजवायची वेळ झाली होती. पाखरं पलीकडे गेली. आई दाण्यांचा डबा घेऊन खुराड्यापाशी उभी राहिली, तिला आता धावायचा कंटाळा आला होता. बिट्टीने मात्र बाबांच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली, ग्रंथपालांच्या फाटकातून आत शिरली आणि वाफ्याच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"आता तू कशाला आलीस?" ग्रंथपालांनी विचारलं.

"आजोबा, जरा कानांवर हात ठेवा."

तिने फुंकली. तितर उडाले, शिट्टीच्या बरोबर उलट दिशेला, म्हणजे भिंतीवरून आपल्या अंगणात. त्यांच्यामागे थोरली, थोरलीमागे बाकीच्या. पलीकडे आईने दाणे टाकले, आणि सगळी आत गेल्यावर दार लावल्याचा आवाज आला.

"बघ," सरांचा आवाज आला, "शेवटी लागली की नाही शिस्त?"

आईने डबा खाली ठेवला. ती भिंतीपाशी आली. "काका, आजही त्रास झाला. काही सांगायचंय का तुम्हाला?"

बिट्टीने श्वास रोखला. ग्रंथपाल कुरतडलेल्या पालकात उभे होते आणि शिट्टीकडे बघत होते.

"कशाबद्दल?" ते म्हणाले.

आई परत गेली. मग त्यांनी हळूच विचारलं, "एकदाच फुंकलीस, आणि सगळे गेले?"

"सगळे. आता उद्यापासून तुम्ही फुंकायची." बिट्टीने शिट्टी फ्रॉकला पुसून त्यांच्या गळ्यात घातली.

त्यांनी ती चाचपून पाहिली. "पण तुझ्या बाबांकडे शिट्टी नाही म्हटल्यावर, उद्या पाखरं इकडे आलीच नाहीत तर?"

बिट्टीने थोडा विचार केला. मग ती वाकली, वाफ्यातली उरलेली सगळ्यात हिरवीगार रोपं उपटली आणि खुराड्यातून नीट दिसेल अशी भिंतीवर ठेवली.