खाऱ्या हौदावर शेला पांघरल्याची हकीकत

श्रीसमुद्र साक्षी. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयीं राजवाड्याचे दिवाणखान्यांत काचेचा खारा हौद होता, त्याची मोजदाद ऐसी: मासे सतरा, शंख नऊ, समुद्रशेवाळ पाणी निथळून अडीच शेर, आणि पाण्याची उष्णता सव्वीस अंश. शेवाळ द्राक्षांच्या घडासारखें, हिरवेंगार. हौदाच्या अमलदार द्वारकाबाई यांणीं तें किनाऱ्यावरून मूठभर आणून चार वर्षांत वाढविलें होतें, आणि माशांची घाण तें शोषी आणि उजेडीं पाण्यांत प्राणवायू सोडी, म्हणोन अवघे जीव त्यावर जगत. मग शेजारील राज्याचे पाहुणे येणार ऐसें ठरलें आणि खासगीवाले नागोजीराव, ज्यांचे ताब्यांत वाड्याची सर्व चीजवस्त, यांणीं हुकूम केला कीं, राजवस्तूचें तोंड परक्यापुढें उघडें ठेवूं नये हा घराण्याचा रिवाज, तरी हौदावर जरीचा शेला घालावा आणि वर जास्त दिवे लावावे. बाईंनीं समजाविलें कीं, उघड्या पाण्याची वाफ होते म्हणोनच तें गार राहतें.

"माठाला मखमल गुंडाळून पाणी गार होतें काय, नागोजीराव?"

"बाई, दर्यावर ऊन पडत नाहीं वाटतें?"

"दर्या केवढा आणि हा हौद केवढा, तें तरी पाहा."

नागोजीराव हंसले आणि शेला घातला. बाईंनीं तो काढिला, मग रावांनीं पुन्हा घालून चोपदार उभा केला. पाणी एकोणतीस अंशांवर गेलें, मग एकतीसांवर गेलें आणि शेवाळाचे शेंडे पांढरे पडूं लागले, तों नागोजीरावांनीं दरबारांत सांगितलें कीं, पाहुण्यांच्या मानासाठीं शेवाळानेंही शुभ्र वस्त्र नेसलें, आणि अवघ्यांनीं वाहवा केली. बाईंचे तळपायाची आग मस्तकीं गेली. मग त्या महाराजांपुढें जाऊन अर्ज करित्या जाहल्या कीं, ऐशा उष्णतेंत हें शेवाळ आपलें सारें बीज एकदम पाण्यांत सोडतें आणि विरघळतें आणि जें शोषिलें तें ओकतें, आणि तें कुजतां पाण्यांतील प्राणवायू सरतो. ऊन पाण्यांत तो आधींच थोडका. महाराजांनीं खासगीवाल्यांकडे पाहिलें.

"गवतच तें, सरकार. पुन्हा उगवेल."

महाराज बोलिले कीं, पाहुणे जाईपर्यंत शेला राहूं द्यावा, मग बाई म्हणतील तसें करावें. बाई मुजरा करून निघाल्या.

दुसरे दिवशीं सकाळीं पाहुणे दिवाणखान्यांत आले, तेव्हां हौदाचें पाणी दुधासारखें जाहलें होतें आणि शेवाळाचीं पोकळ पांढरीं टरफलें तरंगत होतीं आणि मासे पृष्ठभागीं येऊन तोंडें उघडीत मिटीत होते. पाहुण्यांनीं हा काय चमत्कार ऐसें पुसिलें, तों नागोजीरावांनीं हात जोडून सांगितलें कीं, आमचे येथील मासेदेखील पाहुण्यांस मुजरा करितात. पाहुणे खूष जाहले आणि महाराजही हंसले. मग द्वारकाबाई चोपदारास बाजूस सारून पुढें आल्या आणि अवघ्यांदेखत शेला ओढून काढिला, तो घामेजलेल्या अंगरख्यासारखा निथळत होता.

"मुजरा नव्हे, सरकार. गुदमरताहेत ते."

बाईंनीं शेला नागोजीरावांचे पायांशीं टाकिला.

"हा घ्या तुमचा रिवाज. पिळून वाळत घाला."

महाराजांनीं मान खालीं घातली आणि पाहुण्यांस दुसऱ्या दालनीं नेलें. मग बाईंनीं दिवे मालविले आणि पाण्यावर पंखा धरविला आणि खालीं हवेचे बुडबुडे सोडिले आणि कुजकें उपसून नवें खारें गार पाणी थोडथोडें घातलें, एकदम गार केल्यास उरलेलेही मरतील म्हणोन. सांजेस पाणी सव्वीस अंशांवर आलें. एकूण हकीकत इतकी. मासे मोजिले, ते चार. हिरवें शेवाळ निथळून तोलिलें, तें अकरा तोळे.