चांगुणाबाईची गोळी आणि साठ पानांचा आराखडा

एका जंगलात गवत भरपूर होतं. पण ते कुठल्या योजनेतून उगवलंय, हे कुणालाच सांगता येईना.

बसा पोरांनो, नाक दाबून बसा. गोष्ट शेणाची आहे.

त्या जंगलात चांगुणा नावाची शेणकिडी राहायची. गवा शेण टाकून पुढं गेला की ही त्याची गोळी वळायची, मागच्या पायांनी ढकलत न्यायची, जमिनीत पुरायची आणि त्यात अंडं घालायची. पिल्लू त्या गोळीवर वाढायचं. उरलेलं मातीला मिळायचं. वर गवत यायचं, ते गवा खायचा. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणून बिनबोभाट चाललं होतं.

वाघमहाराजांना मात्र लाज वाटली. शेजारच्या जंगलात आराखडा आहे, आपल्याकडं नुसतंच गवत! त्यांनी मुंगूसरावांना बोलावलं. मुंगूसराव राजधानीत तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. गळ्यातला बिल्ला अंघोळीलाही काढत नव्हते.

ते थेट चांगुणाकडं गेले.

"बाई, पुढच्या पाच वर्षांचं नियोजन काय तुमचं?"

"अहो भाऊ, आमच्यात दिवाळी बघितली तरी म्हातारी म्हणतात. पाच वर्षं कुठली?"

"बरं. धंद्याला धोका कशाकशाचा?"

चांगुणानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजवर नव्हता," ती म्हणाली.

मुंगूसरावांनी लिहून घेतलं : धोका नाही.

मग हुकूम सुटला. राजधानीतून हत्तीसाहेब तपासणीला येणार. तोवर शेणाला कुणी हात लावायचा नाही, कच्चा माल जागेवर दिसला पाहिजे. गव्यांनी एकाच ठिकाणी, ओळीनं येऊन शेण टाकायचं. भोवती काट्यांचं कुंपण, दाराशी दोन घोरपडी.

चांगुणा धावत आली. "अहो, माझी अंडी घालायची वेळ झालीय! आठ दिवसांत ओलं शेण नाही मिळालं तर सगळी वाया जातील."

"नोंद घेतली."

"कुठं घेतली?"

"पान चाळीस. इतर अडचणी."

आत शेण वाळून खडखडीत झालं. चौथ्या दिवशी म्हातारा गवा वैतागला. "कळ आल्यावर नंबर लावायचा? ह्या वयात?" तो कळप घेऊन पलीकडच्या रानात निघून गेला. आता ताजं शेण जंगलात औषधालाही उरलं नाही. चांगुणा पोटाचा भार सांभाळत कोरड्या वाटा हुडकत फिरू लागली.

सातव्या दिवशी हत्तीसाहेब आले. मुंगूसरावांनी रानकेळीच्या कोवळ्या पानांवर लिहिलेला आराखडा पुढं ठेवला. साठ पानं.

"वाचतो," असं म्हणून साहेबांनी पहिलं पान सोंडेनं उचललं आणि तोंडात घातलं. मग दुसरं. मुंगूसराव हात जोडून उभे. साहेबांना मध्येच कसं थांबवायचं? साठावं पान गिळून साहेब म्हणाले, "छान झालाय. प्रस्तावना थोडी तुरट आहे. मंजूर!"

सकाळी निघताना त्यांनी माळावर ओला, वाफाळता ढीग टाकला.

चांगुणाला वास आला. लटपटत आली, गोळी वळायला लागली.

"अहो बाई, सोडा!" मुंगूसराव ओरडले. "तो मंजूर आराखडा आहे!"

"मग त्याचंच काम करतेय," चांगुणा म्हणाली आणि गोळी ढकलत चालू लागली. संध्याकाळपर्यंत तिची सगळी अंडी जमिनीखाली सुखरूप होती.

पुढं पाऊस पडला. जंगलात बाकी सगळीकडं माती उघडी पडलेली. फक्त त्या माळावर हातभर गवत आलं. मुंगूसरावांनी तिथं लगेच पाटी ठोकली : 'आमच्या आराखड्यातून उगवलेलं गवत.' आणि गंमत बघा पोरांनो, शिबिरातून आल्यापासून त्यांनी लिहिलेलं हे पहिलंच खरं वाक्य.

तात्पर्य, नीट लिहून घ्या : आराखड्याला कधी नावं ठेवू नयेत. मोठे झालात की खूप आराखडे करा, चांगले जाडजूड करा. फक्त हत्तीला चावता येतील अशा पानांवर करा.